पोटात बाळ आणि नळीत खडा: गरोदरपणातला मुतखडा समजून घेऊ

माझ्या भाचीला सातवा महिना सरत आला होता. मे महिन्याचे दिवस, अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, आणि ओटी भरायची म्हणून तिला माहेरी आणलेली. मीही गेले होते. रात्री अडीचच्या सुमाराला ती उजव्या कुशीला हात दाबून उठली. बसवेना, झोपवेना, भिंतीला धरून नुसत्या येरझाऱ्या. वहिनी घाबरली, "कळा तर नाहीत ना?" माझ्या आईने मात्र आधी एकच गोष्ट विचारली, "माय वं, कंबर दुखी ऱ्हायनी का पोट?"

आईला लिहिता-वाचता येत नाही. पण त्या रात्री विचारायला हवा होता तो नेमका प्रश्न तोच होता, हे मला नंतर कळलं. दुखणं मागे पाठीत, बरगडीच्या खाली सुरू व्हायचं आणि पुढे जांघेकडे उतरायचं. त्या कळा नव्हत्या. उजव्या किडनीतून निघालेला खडा नळीत अडकला होता.

पुढचे दोन दिवस आम्ही ज्या चुका केल्या, त्या मी या लेखात लिहिणार आहे. खानदेशात उन्हाळा लागला की मुतखड्याचं दुखणं घरोघरी निघतं, आणि त्यात कुणी पोटुशी असली की सगळ्यांचे हातपाय गळतात. बाळाला काय होईल? औषध द्यायचं की नाही? ऑपरेशन करावं लागलं तर? हे सगळं मुळापासून बघू.

खडा होतो कसा

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. बोअरचं पाणी जड असलं की ठिबकच्या नळ्यांमध्ये पांढरा क्षार बसतो, तोट्या बुजतात. पाण्यात क्षार विरघळलेला असतो तोवर दिसत नाही. पाणी कमी झालं किंवा क्षार जास्त झाला की तो बाहेर पडून कडेला धरतो.

लघवीचंही असंच. रक्त गाळून नको असलेली द्रव्यं पाण्याबरोबर बाहेर टाकायचं काम किडनी करते. त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक ॲसिड असे पदार्थ असतात. घामावाटे पाणी निघून गेलं आणि वरून भर पडली नाही, तर लघवी घट्ट होते आणि या पदार्थांचे कण एकमेकांना चिकटायला लागतात. त्या कणांचा होतो खडा. तो किडनीत गपचूप पडून असतो तोवर सहसा दुखत नाही. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी बारीक नळी असते, तिला मूत्रवाहिनी म्हणतात. खडा त्या नळीत उतरून अडला की मागे लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो आणि जीव नकोसा करणारं दुखणं सुरू होतं.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, हरियाणा हा देशातला मुतखड्याचा पट्टा मानला जातो, आणि आपण त्या पट्ट्यात आहोत. बोअरच्या खाऱ्या पाण्यानेच खडे होतात, असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. पण पाण्याचा जडपणा आणि मुतखडा यांचं थेट नातं अभ्यासांमध्ये ठामपणे दिसलेलं नाही. पाणी कसलं यापेक्षा ते किती पोटात जातं याला जास्त महत्त्व आहे. खारं पाणी आवडत नाही म्हणून दिवसभर दोन पेले पिऊन राहणं जास्त वाईट.

गरोदरपणात नळी का तुंबते

दिवस गेल्यावर बाईच्या शरीरात एकाच वेळी काही गोष्टी खड्याच्या बाजूने घडतात आणि काही विरुद्ध.

बाळाची हाडं घडवायला कॅल्शियम लागतं, म्हणून आईचं आतडं जेवणातून नेहमीपेक्षा जास्त कॅल्शियम ओढून घेतं. किडनीचं रक्त गाळण्याचं काम जवळपास दीडपट होतं. या दोन्हींमुळे लघवीतून जाणारं कॅल्शियम वाढतं. त्याच वेळी लघवीत सायट्रेट आणि मॅग्नेशियमही वाढतं, आणि ही द्रव्यं खडा जमू देत नाहीत. ठिबक साफ करायला आपण नळीतून ॲसिड सोडतो, तसं निसर्गाने आधीच सोडून ठेवलेलं असतं म्हणा. एकूण हिशेब बराचसा जुळतो, त्यामुळे त्रास देणारा मुतखडा गरोदरपणात तसा दुर्मिळच. साधारण २०० ते १,५०० गरोदर बायकांमागे एकीला, असे आकडे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींत आहेत. त्यातल्याही बहुतेक जणींना तो चौथ्या महिन्यानंतर छळतो.

नळीची गोष्ट वेगळी आहे. गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने मूत्रवाहिनीचे स्नायू सैल पडतात आणि तिचा लघवी पुढे ढकलण्याचा जोर कमी होतो. वाढती गर्भपिशवी पोटात थोडी उजवीकडे झुकते आणि उजव्या नळीवर रेलते. ठिबकच्या नळीवर कुणी पाय ठेवून उभं राहावं तसं. मागे पाणी तुंबतं. शेवटच्या महिन्यांत दहापैकी नऊ जणींपर्यंत उजवी किडनी थोडीफार फुगलेली दिसते, आणि त्यात खडा असतोच असं नाही. बाळंतपणानंतर चार-सहा आठवड्यांत ती आपोआप पूर्ववत होते.

म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर ‘उजव्या किडनीला सूज’ असं वाचलं की लगेच धास्तावू नका. ताप नाही, दुखणं नाही, लघवीची तपासणी चांगली आहे, तर बहुतेक वेळा तो गरोदरपणाचाच भाग असतो. पण ही नेहमीची सूज आणि खड्यामुळे आलेली सूज वेगळी ओळखणं सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही कधी कधी जड जातं, आणि त्यामुळे निदानाला वेळ लागतो.

मग बाळाला काय होतं?

खडा बाळापर्यंत जात नाही. किडनी आणि मूत्रवाहिनी पिशवीच्या मागच्या बाजूला, पूर्ण वेगळ्या वाटेवर आहेत. खडा पिशवीत शिरला, बाळाला टोचला, असं कधीही होत नाही. भाची पहिल्या रात्री हेच विचारत रडत होती, म्हणून आधी लिहिलं.

बाळाला जो धोका असतो तो आडवाटेने येतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मुतखड्यासाठी दवाखान्यात भरती झालेल्या २,२०० हून अधिक गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खडा नसलेल्या बायकांशी तुलना केली, तर या बायकांमध्ये बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्माला येण्याची शक्यता १.८ पट निघाली. मात्र बाळाचं वजन कमी भरणं किंवा बाळ दगावणं यांत वाढ दिसली नाही. इतर देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष थोडे मागेपुढे आहेत. तैवानच्या नोंदींत कमी वजनाची बाळं आणि सिझेरियन थोडे जास्त दिसले, तर इस्रायलमधल्या एका अभ्यासात बाळांच्या तब्येतीत फरक आढळला नाही. कमी दिवसांच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो, एवढं मात्र या सगळ्यांवरून धरून चालावं.

‘१.८ पट’ ऐकायला भयंकर वाटतं. समजा, एखाद्या भागात शंभर बायकांपैकी दहा जणी वेळेआधी बाळंत होतात. मग खड्यामुळे भरती व्हावं लागलेल्या शंभर जणींत असा आकडा सोळा-सतराच्या आसपास जाईल (अभ्यासातली १.८ पट ही वेळेआधी आणि वेळेवर बाळंत झालेल्यांच्या गुणोत्तराची तुलना आहे, म्हणून सरळ अठरा येत नाहीत). उरलेल्या त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी जणी तरीही दिवस भरूनच बाळंत होतात. आणि हा हिशेब भरती व्हावं लागलेल्या बायकांचा आहे. किडनीत गपचूप पडलेला बारीक खडा सोनोग्राफीत सहज दिसला, तर त्याला हे आकडे लावू नयेत.

वेळेआधी कळा का येतात? सर्वात मोठं कारण जंतुसंसर्ग. वाहतं पाणी सहसा नासत नाही, पाटात तुंबलेलं नासतं. खड्याच्या मागे साचलेल्या लघवीत जंतू वाढले की ते किडनीत पसरतात, थंडी वाजून ताप येतो, आणि या दाहातून शरीरात जी द्रव्यं तयार होतात त्यांनी पिशवी आवळायला लागते. भर म्हणून उलट्या होऊन शरीरातलं पाणी आटतं. अडलेली किडनी आणि ताप या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर संसर्ग रक्तात पसरून आईच्याच जिवावर बेतू शकतं. त्या वेळी दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

आमच्या घरी नेमकं तेच झालं.

आम्ही काय चुकलो

रात्री अडीचला दुखणं सुरू झालं, आणि सकाळी सहाला गावातल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात दुखणं थांबलं, पोर झोपली आणि आम्ही निर्धास्त झालो. कोणतं इंजेक्शन ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. बाहेर लाही फुटेल असं ऊन, आणि ती गोधडीत कुडकुडतेय. आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल, कांदा ठेवू, पन्हं देऊ. त्यात आणखी पाच तास गेले.

जळगावला पोचल्यावर पहिला प्रश्न आला तो हाच, की इंजेक्शन कोणतं दिलं होतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते सांगते. मुतखड्याच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास टोचलं जातं ते डायक्लोफेनॅक. इतर वेळी ते उत्तम काम करतं. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं गरोदरपणात टाळायची असतात. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन पिशवीतलं पाणी कमी होऊ शकतं, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक भीती असते. बाळाच्या हृदयाजवळ एक रक्तवाहिनी जन्म होईपर्यंत उघडी राहायला हवी, ती आधीच आकसू शकते. एका इंजेक्शनने आभाळ कोसळत नाही, हे जळगावच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. पण ‘दुखलं की टोच’ असं दोन-तीन दिवस चालू राहिलं तर बाळाला महागात पडू शकतं.

मग दुखणं सोसायचं का? अजिबात नाही. पॅरासिटामॉल चालतं, आणि ते पुरलं नाही तर दवाखान्यात देखरेखीखाली थोड्या वेळासाठी जोरदार वेदनाशामकंही देता येतात. बाई तळमळत पडली म्हणजे बाळ सुखरूप राहतं, असा समज करून घेऊ नका. एवढंच करा, की गावात, तालुक्याला, कुठेही सुई टोचून घ्यायच्या आधी किती महिने झाले ते सांगा आणि औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. डॉक्टर रागावले तरी मागा.

कळा की खडा, घरी कसं ओळखायचं

घरी नक्की ओळखता येत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. तरी काही खुणा आहेत. खड्याचं दुखणं एका बाजूला पाठीत सुरू होऊन पुढे खाली उतरतं, आणि बाई कुठल्याही कुशीवर स्वस्थ पडू शकत नाही. लघवीला जळजळ, सारखी लागणं, लघवी लालसर होणं, मळमळ हे सोबत असू शकतं. कळांमध्ये पोट दगडासारखं कडक होतं, सैल पडतं, पुन्हा कडक होतं, आणि मधलं अंतर कमी कमी होत जातं.

गोंधळ असा, की खड्यामुळे खऱ्या कळाही सुरू होऊ शकतात. आणि उजवीकडचं प्रत्येक दुखणं खड्याचं नसतं. अपेंडिक्स असू शकतं, आणि गरोदरपणात ते नेहमीच्या जागेहून वर सरकलेलं असतं. पित्ताशयातले खडे असू शकतात. त्या खड्यांचा लघवीशी काही संबंध नाही, पण दोन्हींना आपण ‘खडा’च म्हणतो, म्हणून घोळ होतो. वारेचा भाग पिशवीपासून सुटत असला तरी पोटात सतत दुखतं.

म्हणून ताप किंवा थंडी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, लघवी बंद होणं, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, किंवा पोट नियमित आवळणं यातलं एकही असेल तर उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला-आणायला १०२ ची गाडी मोफत मिळते. जिला एकच किडनी आहे तिने तर साध्या दुखण्यालाही थांबू नये.

“इतक्या सोनोग्राफ्या केल्या, बाळाला काही होणार तर नाही?”

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. दहा वेळा करावी लागली तरी तिची धास्ती नको. गरोदरपणात मुतखडा शोधायला पहिली तपासणी तीच. खडा मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी असेल तर योनीमार्गातून करायची सोनोग्राफी तो जास्त स्पष्ट दाखवते. बायका त्याला लाजतात किंवा घाबरतात, पण तिने बाळाला धक्का लागत नाही.

सोनोग्राफीत उलगडलं नाही तर एमआरआय, त्यातही किरण नसतात. त्यानेही भागलं नाही आणि आईचा जीव अडकलेला असेल, तर चौथ्या महिन्यानंतर कमी मात्रेचा सीटी स्कॅन करतात. किरणांची मात्रा मिलिग्रे या मापात मोजली जाते. ५० मिलिग्रेच्या आतल्या मात्रेने बाळात व्यंग आल्याचं आढळलेलं नाही, आणि खड्यासाठीचा कमी मात्रेचा स्कॅन याच्या कितीतरी खाली असतो. क्वचित लागणारी तपासणी आहे, पण डॉक्टरांनी विचार करून सांगितली तर नको म्हणून उठून जाऊ नका.

खडा काढायचा कसा

बऱ्याचदा काढावाच लागत नाही. नळी सैल झालेली असल्याने गरोदरपणातले बरेच खडे, जुन्या अभ्यासांनुसार दहापैकी सहा ते आठ, पाणी, विश्रांती आणि वेदनाशामक यांवर आपोआप पडतात. चार-पाच मिलिमीटरच्या आतला असेल तर शक्यता चांगली. झोपताना दुखरी बाजू वर ठेवावी, म्हणजे उजवीकडे दुखत असेल तर डाव्या कुशीवर. त्याने नळीवरचा भार थोडा हलका होतो. लघवी गाळून बघायला सांगतात. वहिनीने त्यासाठी चहाची एक जुनी गाळणी वेगळी काढून, दांड्याला लाल दोरा बांधून मोरीत अडकवली होती, चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून.

लघवीत जंतू असतील तर अँटिबायोटिक लागतं. गरोदरपणात चालणारी ठरलेली औषधं आहेत, ती डॉक्टर निवडतात. मागच्या वेळच्या गोळ्या डब्यातून काढून घेऊ नका, कारण लघवीच्या संसर्गासाठी इतरांना दिली जाणारी काही नेहमीची औषधं गरोदर बाईला टाळतात.

ताप असेल, दुखणं आटोक्यात येत नसेल, किडनीवर परिणाम दिसत असेल तर मात्र तुंबलेली लघवी आधी मोकळी करावी लागते. त्यासाठी मूत्रवाहिनीत एक मऊ, पोकळ, दोन्ही टोकांना वळण असलेली नळी बसवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. खडा आहे तिथेच राहतो, लघवीला शेजारून वाट मिळते. दुसरा मार्ग म्हणजे पाठीतून बारीक नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत काढणे. आणि तज्ज्ञ डॉक्टर, बाळावर लक्ष ठेवायची सोय हे सगळं असेल तर दुर्बिणीने नळीत जाऊन लेझरने खडा फोडतात, आता गरोदरपणातही ते करतात. बाहेरून लहरी मारून खडा फोडायचं यंत्र मात्र गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

भाचीच्या नळीत ६ मिलिमीटरचा खडा होता आणि लघवीत पू. त्याच रात्री स्टेंट टाकला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनंही दिली. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं वाटलं तर ती देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

एक गोष्ट आम्हाला आधी माहीत नव्हती. गरोदरपणात स्टेंटवर क्षार फार लवकर चढतो, म्हणून तो चार ते सहा आठवड्यांनी बदलावा लागतो. पाचव्या आठवड्यात बदलला तेव्हा काढलेली नळी डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून दाखवली. वळणावर पांढरट, खरखरीत थर, बोअरचं पाणी भरलेल्या जुन्या माठाच्या बुडाशी असतो तसा. नुसता पाच आठवड्यांचा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बदलायची तारीख चुकवणाऱ्या घरांना तो ट्रे एकदा दाखवायला हवा.

“मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या ना?”

आशाताईंना हा प्रश्न रोज ऐकावा लागत असेल. खडा कॅल्शियमचा, गोळी कॅल्शियमची, म्हणून गोळी गुन्हेगार. सरळ वाटतं, पण तसं नाही.

जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम आतड्यातच भाजीपाल्यातल्या ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे घेऊन जातं. कॅल्शियम फार कमी केलं तर ते ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि लघवीत उतरतं. ज्या बायकांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे, त्यांना या गोळ्यांनी गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर त्रासापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणूनच सरकार त्या चौथ्या महिन्यापासून देतं. गोळी उपाशीपोटी घेऊ नका, जेवणासोबत घ्या. लोहाची गोळी आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ज्यांना खडा झाला आहे त्यांनी किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, पण स्वतःहून सोडू नका.

टोमॅटो, वांगं, पालक सगळंच बंद करणारी घरंही बघितली आहेत. गरोदर बाईचं जेवण आधीच तुटपुंजं, त्यातून भाज्या काढल्या की उरतं काय? शिवाय गरोदरपणातले बरेच खडे ऑक्झलेटचे नसून कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. पालक रोज नको, एवढं पुरे. टोमॅटोच्या बियांचे खडे होत नाहीत. वांग्याचं भरीत खुशाल खा.

खरं लक्ष मिठाकडे द्या. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. उन्हाळ्यात आपल्याकडे पापड, बिबड्या, कुरडया घातल्या जातात, सोबत लोणचं, ठेचा, शेवभाजी. हे सगळं एका ताटात आलं की मिठाचा हिशेब राहत नाही.

पानफुटी, कुळीथ आणि बिअर

पानफुटीचं पान रोज उपाशीपोटी चावून खायचं, हे औषध आमच्याकडेही सुचवलं गेलं, तेही तीन वेगवेगळ्या बायकांकडून, तिघींच्याही आवाजात माया होती. या झाडपाल्यावर माझा राग नाही. पण गरोदर बाईला आणि बाळाला ती सुरक्षित आहेत का, याची नीट तपासणी झालेली नाही. गोखरूचे काढे, दुकानातली ‘खडा पाडणारी’ चूर्णं यांनाही हेच लागू. कुळथाचं कढण जेवणात घेतलं तर हरकत नाही, ते अन्न आहे. त्याने खडा विरघळेल अशी आशा मात्र ठेवू नका. कॅल्शियमचे खडे पोटात घेतलेल्या कशानेही सहसा विरघळत नाहीत. लिंबूपाण्यात सायट्रेट असतं, साखर आणि मीठ बेताने घालून ते जरूर प्या. बिअरने खडा पडतो असं पुरुष मंडळी सांगतात. गरोदर बाईला दारूचा थेंबही नको.

पाणी प्यायचं, पण जायचं कुठे?

गरोदर बाईने इतकं पाणी प्यावं की दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन लिटरच्या वर पाणी लागतं. मोजत बसायचं नसेल तर लघवीचा रंग बघा. जवळपास पाण्यासारखी फिकट असेल तर ठीक. पिवळीजर्द असेल तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

सांगायला सोपं आहे. पण कापूस वेचायला गेलेल्या बाईला विचारा. सकाळी आठला ती शेतात जाते, संध्याकाळी पाचला येते. आडोसा नाही, बाजूला पुरुष गडी. ती सकाळी चहा घेऊन निघते आणि दिवसभर मुद्दाम घोटभर पाण्यावर काढते. केळीच्या बागेत आडोसा तरी मिळतो, कपाशीच्या रानात तोही नाही. एसटीच्या प्रवासात, बाजारात, लग्नघरातही तेच. या बायकांना ‘पाणी पीत जा’ म्हणणं म्हणजे अर्धवट सल्ला. बाई पाणी का पीत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या आळसात नसतं, संडासाच्या दारात असतं. ज्यांच्या शेतावर मजूर बायका येतात त्यांनी चार बांबू आणि एक हिरवी जाळी बांधून आडोसा केला, तर दिवसाची मजुरी कमी होत नाही. घरच्या माणसांनी पोटुशी बाईला दुपारच्या उन्हात शेतावर नेऊ नये, आणि नेलंच तर पाण्याची कॅन तिच्या हाताशी ठेवावी.

लघवी दाबून ठेवण्याने जंतुसंसर्ग वाढतो तो वेगळाच. गरोदरपणात लघवीत जंतू असूनही कधी कधी काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून लघवीची तपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे ती होते. आधी कधी मुतखडा झाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. खड्याचा इतिहास असलेल्या बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास थोडा जास्त आढळला आहे, त्यामुळे डॉक्टर त्यावरही नजर ठेवतील.

बाळंतपण झालं, खडा राहिला

बाळंतपण मुतखड्यामुळे सिझेरियननेच करावं लागतं, असं नाही. स्टेंट असतानाही नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. भाचीचं ३८ आठवड्यांना झालं, मुलगी, पावणेतीन किलो. खडा दोन महिन्यांनी दुर्बिणीने काढला, तोवर ती अंगावर पाजत होती आणि नंतरही पाजत राहिली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की पहिल्यांदा मुतखड्याचा त्रास होण्याची शक्यता गरोदरपणात वाढत जाते आणि सर्वात जास्त असते ती बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. त्यानंतर वर्षभरात ती उतरते. आणि आपल्याकडे नेमक्या त्याच महिन्यांत बाळंतिणीला पाणी तोडतात. ‘पोट सुटेल’, ‘बाळाला सर्दी होईल’ म्हणून तिला दिवसाला दोन-तीन पेले कोमट पाणी. अंगावर दूध पाजणारी बाई, खोलीला खिडकी नाही, खाटेखाली शेगडी, आणि बाहेर जूनचा उकाडा.

माझ्या आईनेही आपल्या सुनांना हेच केलं होतं. या वेळी मात्र तिने नातीच्या खाटेशेजारी पितळी तांब्या आणून ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं, आणि पोरीला पाजायला घेतलं की दर वेळी ती स्वतः भरून द्यायची. दिवसातून आठ-नऊदा. शेजारच्या काकूंनी टोकलं, तर म्हणाली, तिच्या नळीचा खडा मी डोळ्यांनी बघितलाय.